गावच्या टेकडीवर जिओकॅश लावायचे आहेत : जमीन, डबा, जागा यांबद्दल माहिती हवी

पांदणवाट

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) बाजूच्या एका गावाच्या शिवारात साडेपाच किलोमीटरचा पायी फेरा आखला आहे. गावातून पांदण रस्ता, पुढे पाझर तलावाची पाळ, तिथून गायरानातून टेकडीच्या धारेवर, आणि दुसऱ्या अंगानं नाला ओलांडून परत गावात. या वाटेवर पाच जिओकॅश (जीपीएसवर ठिकाण शोधायच्या खेळातले डबे) ठेवायचा विचार आहे. वाट गुराखी आणि वावरात जाणारे लोक रोज वापरतात, नवी पाडायची नाही.

विचारायचं ते असं : १) परवानगी कोणाची? २) आपल्याकडच्या उन्हात-पावसात टिकणारा डबा कोणता? ३) मोबाईलनं घेतलेले अक्षांश-रेखांश पुरतात का? ४) लपवायची जागा कशी निवडावी? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं.

काळीमाती

भाऊ, डब्याचं नंतर पाहा, आधी जमिनीचं पाहा. वाट सार्वजनिक दिसली तरी तिच्या दोन्ही बाजूंची जमीन एकाच प्रकारची नसते. गावनकाशा काढा, प्रत्येक जागेचा गट नंबर लिहून घ्या आणि त्या गटाचा सातबारा पाहा. तुमच्या फेऱ्यात किमान चार प्रकार निघतील.

पांदण म्हणजे रस्ता, पण तिचे धुरे बहुतेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या ताब्यात असतात. धुऱ्यावर डबा ठेवायचा तर त्या वावरवाल्याचं तोंडी का होईना हो घ्या. पाझर तलाव ज्या खात्याचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल त्यांचा, आणि मातीच्या पाळीत हात घालायचा नाही. पाळीवरचा एक दगडही हलवू नका. शोधणारे पाच जण पिचिंगचे (पाळीच्या उतारावर बसवलेले) दगड उपसून पाहतात आणि पावसाळ्यात तिथूनच माती सुटते. गायरान (वऱ्हाडात ज्याला ई-क्लास म्हणतात तशी जमीन) शासनाचं असतं, गावात देखरेख ग्रामपंचायतीची. तिथं ग्रामपंचायतीचा लेखी ठराव पुरतो. टेकडीच्या धारेवरची जमीन सातबाऱ्यावर कशी लागली आहे ते सांगा.

पांदणवाट

धारेवरचे दोन गट ‘महाराष्ट्र शासन, झुडपी जंगल’ असे आहेत. महसूलचीच जमीन आहे ना ही? म्हणजे तहसीलदारांची परवानगी चालेल?

काळीमाती

झुडपी जंगल महसूल दप्तरातच असतं, त्यामुळं तहसीलला अर्ज दिला की झालं.

सातपुडा_धार

काळीमाती, इथं दुरुस्ती हवी. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाचा वाद खूप जुना आहे. जमीन महसूल दप्तरी, वापर कधी चराईचा, कधी वस्तीचा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच धरायची असा निकाल दिला. म्हणून नुसत्या तहसीलच्या कागदावर तिथं काही ठेवू नये. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज द्या, सोबत गट नंबर आणि नकाशा जोडा, आणि बीटच्या वनरक्षकाला प्रत्यक्ष जागा दाखवा.

राखीव वनात तर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे विनापरवाना शिरणं हाच गुन्हा आहे. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, व्याघ्र प्रकल्पाचा गाभा इथं डब्याचा विषयच काढू नये. बोर, पेंच, ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला, सगळ्यांना हे लागू. तिथं गाडीतून उतरायची मनाई असते आणि जिओकॅश म्हणजे माणसाला पायी उतरवून झुडपात शिरवणं.

किल्ल्यांबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न हमखास तोच येतो. गाविलगड, नरनाळा यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या तटात, बुरुजाच्या फटीत डबा नाही. आपल्याकडं जुन्या वास्तूत गुप्तधनासाठी खणणारे लोक आहेत, त्यांनी किती मूर्ती आणि जोती उखडली हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. त्याच भिंतीत ‘शोधा म्हणजे सापडेल’ असा डबा ठेवणं फार घातक आहे.

सामूहिक वनहक्क मिळालेली गावं मात्र वेगळी. वनहक्क कायदा २००६ खाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला, त्यानंतर विदर्भात अशी कितीतरी गावं झाली. तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. ग्रामसभा हो म्हणाली की वनविभागाला तशी प्रत द्या.

मोहफूल

परवानगीचा कागद फाईलीत राहतो, डबा मात्र गुराख्याच्या, मोह वेचणाऱ्या बाईच्या, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या हाती लागतो. त्यामुळं डबा स्वतः बोलका पाहिजे. झाकणाच्या आतून, मजकूर बाहेर दिसेल असा कागद लावा. बाहेरून चिकटवलेला कागद एका उन्हाळ्यात उडतो. कागद झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटचा घ्या. इंकजेटची शाई दमटपणानं पसरते. मजकूर असा ठेवता येईल :

‘हा जिओकॅश आहे. जीपीएसवर ठिकाण शोधायच्या खेळातला डबा. आत नोंदवही आणि पेन्सिल आहे. पैसे, औषध, पूजेचं सामान नाही. ग्रामपंचायतीच्या परवानगीनं ठेवला आहे. उघडून पाहा, परत इथंच ठेवा. काही अडचण असल्यास ग्रामपंचायत कार्यालयात सांगा.’

खाली हेच हिंदीत. गोंडी बोलणारं गाव असेल तर त्यांच्याकडूनच दोन ओळी लिहून घ्या.

‘खजिना’, ‘धन’ हे शब्द कुठंही वापरू नका, कॅशच्या नावातही नाही. आत अदलाबदलीच्या वस्तू ठेवणार असाल तर नाणी, बाहुली, लाल कापड, दोरा-गंडा, लिंबाच्या आकाराचं काहीही नको. बांधावर असा डबा सापडला की करणीचा संशय कोणा गरीब माणसावर जातो, आणि त्याचे परिणाम आपल्याकडं काय होतात हे सगळ्यांना माहीत आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण संशय कायद्याला विचारून येत नाही.

डबा ठेवायच्या आधी सरपंच, पोलीस पाटील आणि शाळेचे मास्तर या तिघांना डबा उघडून दाखवा. पोलीस ठाण्यात जागांच्या यादीची एक प्रत द्या. गडचिरोली-गोंदियाकडं तर हे केल्याशिवाय पुढं जाऊच नका. तिथं रस्त्याकडेला बेवारस डबा दिसला की रस्ता बंद होतो, पथक येतं. रपट्याखाली, पुलाच्या नळीत, बसथांब्याच्या बाकाखाली डबा कुठल्याच जिल्ह्यात नको.

झाकणबंद

डब्याचं मी सांगतो, जरा सविस्तर, कारण नव्वद टक्के कॅश इथंच मरतात.

आपल्याकडं डब्याचा पहिला शत्रू ऊन, दुसरा पाऊस, आणि दोन्ही मिळून जे करतात ते सगळ्यात वाईट. जूनच्या पहिल्या सरीचं पाहा. डबा दुपारी तापून आतली हवा ६० अंशांवर गेलेली असते. अचानक पाऊस येतो, डबा २५ अंशांवर येतो. आतला दाब साधारण दहाव्या हिश्शानं पडतो आणि डबा बाहेरचं पाणी झाकणाच्या फटीतून आत ओढतो. नुसता पाण्याखाली न गळणारा डबाही इथं गळतो. म्हणून चाचणी अशी घ्या : शाईच्या पेननं लिहिलेली चिठ्ठी आत टाका, झाकण लावा, डबा दोन तास भर उन्हात ठेवा, आणि तसाच गरम असताना बादलीत दगडाखाली रात्रभर बुडवा. सकाळी शाई फुटली असेल तर तो डबा स्वयंपाकघरात वापरा.

कोणता घ्यावा? चार बाजूंनी कडी लागणारा, झाकणात सिलिकॉनचं रिंगण असलेला, पारदर्शक. ५०० ते ८०० मिली पुरे. (जिओकॅशच्या मापात १०० मिलीच्या आत मायक्रो, १०० मिली ते १ लिटर स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर.) पॉलिप्रॉपिलिनच्या कड्या थेट उन्हात दोनेक उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुटतात, म्हणून डबा सावलीतच पाहिजे आणि दरवर्षी मे संपताना कडी वाकवून पाहायची.

सगळ्यात जास्त होणारी चूक : नोंदवही ज्या झिपच्या पिशवीत असते तिचा कोपरा झाकणात अडकतो. केसाएवढी फट पुरते, त्यातून वातीसारखं पाणी चढतं. पिशवी डब्याच्या लांबीपेक्षा चार बोटं लहान घ्या, मग अडकूच शकत नाही.

ओल शोषणारं सिलिका जेल घाला, ५ ग्रॅमच्या दोन पुड्या. पण डबा वरचेवर उघडला तर ती एका पावसाळ्यात भरून जाते. सुटे दाणे सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधले तर काढून, तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. तांदूळ टाकायचा घरगुती उपाय इथं नको. खाण्याची वस्तू जिओकॅशमध्ये नियमानंच चालत नाही, आणि मुंग्या, उंदीर, त्यांच्यामागून साप अशी ओळ लागते. सुगंधी खोडरबर, साबण, अगरबत्ती हेही नको. रानडुकरं आणि अस्वलं वासावर डबा फोडतात. काडेपेटी, लायटर, चाकू अर्थातच नाही.

पेन नको, पेन्सिल ठेवा. पेन उन्हात गळतं. पेन्सिलसोबत शार्पनर ठेवा.

लहान कॅशसाठी आपल्याकडं सहज मिळणारी आणि फार चांगली वस्तू म्हणजे पेट प्रीफॉर्म. पाण्याच्या बाटल्या फुगवून बनवतात त्याआधीची ती जाड नळी. बाटल्या बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांत मिळते. २८ मिमी गळ्याची घेतली की त्यावर कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण घट्ट बसतं. आत कागदाची बारीक गुंडाळी मावते. पारदर्शक, जाड, आणि पाणी आत येत नाही.

काळीमाती

प्लॅस्टिकपेक्षा जाड पत्र्याचा डबा बरा नाही का? परदेशात सैन्याच्या काडतुसांच्या लोखंडी पेट्या यासाठी नावाजलेल्या आहेत. वानरांनी दगडावर आपटली तरी काही होत नाही.

मोहफूल

तिकडं चालत असेल, इथं नको. बंद पत्र्याची पेटी झुडपात दिसली की आत काय आहे हे बाहेरून कळत नाही, आणि माणसाला भीती वाटते. स्टीलचा जेवणाचा डबा तर अजिबात नको. आतलं सगळं दिसतं म्हणूनच पारदर्शक डबा म्हणतोय.

झाकणबंद

सहमत. शिवाय झाकणाचं रबर वाळलं की पत्रा आतून गंजतो. वानरांवर उपाय डब्यात नाही, जागेत आहे : चमकणारी वस्तू उघड्यावर नको आणि लटकणारी तर नकोच.

अक्षांश_२१

आता आकड्यांकडं. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर आकडा शंभर मीटरनं इकडंतिकडं व्हायचा. लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एका माणसानं बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. हा खेळ तिथून आला. म्हणजे सगळी गंमत आकडा बरोबर असण्यात आहे.

मोबाईल चालतो, पण एकदाच पाहून आकडा लिहायचा नाही. मोबाईल डबा ठेवायच्या नेमक्या जागेवर, आकाशाकडं तोंड करून, दहा मिनिटं ठेवा. हातात धरला तर शरीर अर्धं आकाश झाकतं. सरासरी काढणारं ॲप असेल तर तेच वापरा. हे तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी करा आणि तिन्हींची सरासरी घ्या. एखादा आकडा बाकीच्या दोघांपासून १०-१२ मीटर दूर पडला तर तो टाकून चौथा घ्या.

जिओकॅशिंगच्या साईटवर अंश आणि दशांश मिनिटं लागतात, दशांशानंतर तीन आकडे. या मापात शेवटचा एक आकडा उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आणि आपल्या २१ अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे १.७३ मीटर. गोंधळ होतो तो बदल करताना. नकाशात २१.१५३६ दिसलं तर ०.१५३६ ला ६० नं गुणायचं, येतात ९.२१६, म्हणून लिहायचं २१° ०९.२१६'. पुष्कळ जण सरळ २१° १५.३६' लिहून मोकळे होतात आणि डबा कागदावर अकरा किलोमीटर उत्तरेला जातो. दुसरी चूक मधलं शून्य गाळण्याची : ०९.०१६ च्या जागी ०९.१६ लिहिलं की २६५ मीटरच्या वर फरक.

साग असेल तर ऋतू पाहा. मार्च ते मे सागाला पान नसतं, आकाश उघडं, आकडे छान येतात. पावसाळ्यात त्याच झाडाखाली ओल्या पानांच्या छताखाली शोधणाऱ्याचा मोबाईल दहा-पंधरा मीटर भटकतो. म्हणून तपासणी एकदा तरी ऑगस्ट-सप्टेंबरात करा, आणि खूण अशी द्या की आकडा थोडा चुकला तरी डबा सापडावा. ठेवणाऱ्याची ५ मीटर आणि शोधणाऱ्याची ५ मीटर चूक धरली तर १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं, म्हणजे तीनशे चौरस मीटरच्या वर जागा. मोघम खूण दिली तर लोक एवढी सगळी जागा तुडवतील.

जुन्या टोपोशीटवरून (सरकारी भूनकाशांवरून) आकडे उचलू नका. अक्षांश-रेखांश मोजण्याचा त्यांचा आधार एव्हरेस्ट पद्धतीचा, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४, दोन्ही जुळत नाहीत.

गोंडवन

जागेबद्दल चार गोष्टी, जीवाशी संबंध आहे म्हणून ठळक सांगतो.

हात दिसत नसलेल्या जागी घालावा लागेल अशी एकही जागा निवडू नका. दगडी बांधाची फट, पालापाचोळ्याचा ढीग, वारुळाचं भोक, झाडाची ढोली, परदेशी लेखांत याच जागा सुचवलेल्या असतात. आपल्याकडं तिथं विंचू, फुरसं, घोणस, मण्यार असतात, ढोलीत घुबड किंवा घोरपड. डबा कमरेएवढ्या उंचीवर, समोरून झाकलेला पण बाजूनं वाकून दिसणारा असावा. साईटवरच्या कॅशच्या पानावर शोधणाऱ्यासाठी स्पष्ट लिहा : हातात काठी, पायात बूट, आधी काठीनं हलवा.

दुसरी गोष्ट तारांची. रानडुकरांसाठी वावराभोवती झटका मशीन असतं, त्याचा झटका जीवघेणा नसतो. पण काही ठिकाणी रात्री मेन लाईनचा करंट चोरून तारेत सोडतात, आणि त्यात माणसं मेलेली आहेत. त्यामुळं पांदण सोडून वावरातून आडवं जावं लागेल अशी जागा नाही, आणि सूर्यास्तानंतर शोध नाही. वाघ-बिबट्याच्या दृष्टीनंही तेच, पहाटे आणि संध्याकाळी वाट माणसांची नसते. बोरचं जंगल तुमच्याकडून फार लांब नाही. पानावर वेळ लिहा : सकाळी ८ ते दुपारी ४.

तिसरी, आग. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम. त्याआधी वनविभाग जाळरेषा साफ करून जाळतो. मोकळी, चालायला सोपी पट्टी दिसली म्हणून तिथं डबा ठेवाल तर तो त्यात वितळेल. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली फुलं वेचायला लोक पालापाचोळा पेटवतात. मोहाच्या झाडापासून डबा दूरच. मोहाच्या दिवसांत पहाटे तिथं अस्वलंही येतात.

चौथी, झाडाला खिळा नाही, तार नाही. वर्षभरात तार सालीत रुतते.

पांदणवाट

मग ठेवायचं तरी कुठं? दगड नाही, ढोली नाही, पाळ नाही.

झाकणबंद

पाणलोट कामाचे लोखंडी फलक असतात ना गायरानात, दोन अँगलवर उभे? फलकाच्या मागं, अँगलच्या खोबणीत प्रीफॉर्म चुंबकानं बसतो. ठरावात फलकाचा उल्लेख करून घ्या. आधी चुंबक लावून पाहा, काही पाट्या ॲल्युमिनियमच्या असतात. चुंबक निओडिमियमचा, पण उत्तरेकडच्या सावलीतल्या अंगालाच लावा. साधा निओडिमियम ८० अंशांच्या वर कायमचा कमजोर होतो, आणि त्याआधी गोंद सुटतो. ग्लू गनचा गोंद मे महिन्यात हमखास मऊ पडून नळी खाली येते. दोन भागांचा इपॉक्सी वापरा, नळीचा भाग पॉलिश पेपरनं खरवडून, २४ तास वाळवून. चुंबक उघडा ठेवला तर पावसाळ्यात गंजून फुगतो, त्यावर इपॉक्सीचाच पातळ थर द्या.

सातपुडा_धार

धारेवरच्या दोन जागांसाठी माझं मत : डबाच नको. तिथं अर्थकॅश करा. त्यात काही ठेवायचं नसतं. येणारा माणूस दगड पाहतो, मोजतो आणि प्रश्नांची उत्तरं तुम्हाला पाठवतो. हा प्रकार २००४ पासून आहे, ‘जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका’ या संस्थेनं सुरू केलेला. जमीन सांभाळणाऱ्याची परवानगी यालाही लागते, पण ‘काहीही ठेवणार नाही, काहीही उचलणार नाही’ असा अर्ज वनविभागाला समजावणं खूप सोपं जातं.

तुमची टेकडी बेसाल्टची. धारेवर गोल गोटे दिसत असतील, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. पाणी भेगांतून शिरतं, चौकोनी खडकाचे कोपरे तीन बाजूंनी झिजतात म्हणून आधी गोलावतात, मग एकेक पापुद्रा सुटतो, आणि शेवटी त्याचीच माती होते. प्रश्न असे ठेवा : एका गोट्याचे किती पापुद्रे मोजता येतात? बाहेरचा पापुद्रा बोटानं चुरतो का, आतला? मधल्या गाभ्याचा व्यास वितीनं मोजा. दोन गोट्यांच्या मधली माती कोणत्या रंगाची आहे, आणि खालच्या वावरातल्या मातीशी जुळते का? उत्तरं जागेवर गेल्याशिवाय देता येऊ नयेत. खडकात पांढरे स्फटिक असतील तर ‘फोडू नका, नेऊ नका’ हे पहिल्या ओळीत लिहा.

काळीमाती

झुडपी जंगलाबद्दलची दुरुस्ती मान्य. अर्थकॅश हा त्यावरचा नीट तोडगा आहे.

अक्षांश_२१

प्रकाशनाचं राहिलं. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. साडेपाच किलोमीटरमध्ये तीन डबे आणि दोन अर्थकॅश भरपूर झाले. डबा पुरायचा नाही, खड्डा करायचा नाही. पानावर सोपेपणाचे दोन आकडे असतात, शोध किती अवघड आणि वाट किती अवघड, १ ते ५, अर्ध्याच्या टप्प्यानं. वाटेचा १ फक्त चाकाची खुर्ची जाईल तिथं द्यायचा, पांदणीला २ द्या, धारेला २.५ किंवा ३. पान प्रसिद्ध होण्याआधी ते तपासणारा साईटचा स्वयंसेवक दुसऱ्या राज्यातला असू शकतो, त्याच्यासाठीच्या टिपणीत गट नंबर, परवानगी देणाऱ्याचं पद आणि ठरावाची तारीख लिहा. पानाचा मजकूर आधी मराठीत, मग हिंदी-इंग्रजीत.

बाहेर देशातून कोणी येणार असेल तर पानावर एक ओळ टाका : उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आणि सॅटेलाईट फोन भारतात विनापरवाना चालत नाहीत. साधा जीपीएस चालतो.

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. आता आराखडा असा : पांदणीच्या सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या फलकामागं प्रीफॉर्म, गायरानात पाणलोटाच्या फलकामागं दुसरा, शाळेच्या कुंपणाला आतून ६०० मिलीचा डबा, धारेवर दोन अर्थकॅश. पाळ आणि नाला सोडून दिले. पावसाळ्यात काय करावं?

गोंडवन

नाला भरतो तोवर, म्हणजे जून ते सप्टेंबर, धारेवरच्या दोन्ही अर्थकॅशची पानं तात्पुरती बंद ठेवा. काळ्या मातीच्या पांदणीत त्या दिवसांत गुडघाभर चिखल असतो, लोक ती टाळायला पेरलेल्या वावरातून जातात आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. शाळेचा डबा मात्र फलकांपेक्षा वेगळा. सुट्टीच्या दिवशीही बाहेरच्या माणसानं कुंपणाशी घुटमळणं बरं नाही. मुख्याध्यापकांना विचारून तो ग्रामपंचायतीच्या वाचनालयाच्या ओसरीत हलवता आला तर पाहा.

झाकणबंद

आणि ओसरीत ठेवला तरी बादलीची चाचणी चुकवू नका. पन्हाळीचं पाणी तिथंच उडतं.

पांदणवाट

वाचनालयाचं विचारतो. ग्रामसभेत विषय मांडायला अर्ज देतो आहे. सोबत तीन डब्यांचे नमुने, झाकणात कागद लावूनच नेईन.